पडद्यामागची जोडी

गेलं दीड वर्ष माझ्या बॅगेत तीन वस्तू कायम असायच्या. एक पेन्सिल सेल, एक स्वस्तातला मल्टिमीटर आणि एक टॉर्च. ओळख ना पाळख अशा लोकांच्या घरी मी जायचो, चहा घ्यायचो आणि त्यांच्या दिवाणखान्यातल्या किंवा गॅरेजमधल्या एखाद्या भल्याथोरल्या लाकडी पेटीमागे उकिडवा बसायचो. सेलच्या दोन वायरी पेटीच्या टर्मिनलांना क्षणभर टेकवायच्या. आतून 'टप्' असा आवाज येतो. त्या क्षणी वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कागदी कोन पुढे उडाला की मागे, हे टॉर्चच्या उजेडात बघायचं आणि वहीत टिपायचं. एका आजींनी काळजीने विचारलं होतं, "आत काही जिवंत आहे का रे?"

मला घरी गाणं ऐकायला जुने हॉर्न स्पीकर हवे होते. 'हॉर्न स्पीकर' हा शब्द बाहेरचा. घरात आणि सोसायटीत त्याला आपला शब्द आहे, कर्णा. आणि सगळी पंचाईत तिथेच सुरू होते.

कर्णा म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? चिंचेच्या फांदीला तारेने बांधलेला ॲल्युमिनियमचा आहुजा. पहाटे पाचला सुरू होणारं लग्नघर. निवडणुकीतली जीप. कर्णा म्हणजे आपल्याला नको असताना आपल्या कानात शिरणारा आवाज, अशी आपली तीन पिढ्यांची समजूत. त्यामुळे 'मी दोन कर्णे आणतोय' हे मी जिन्यात सहज बोलून गेलो, तेव्हा आमचे सेक्रेटरी दोन पायऱ्या परत वर आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, नियम २००० सालचा आहे, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. हसणं वरवरचं होतं.

बायकोने एवढंच विचारलं, "मावणार का?" आणि मोजपट्टी आणून टेबलावर ठेवली.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मीही कर्णा म्हणजे मोठा आवाज असंच धरून चाललो होतो. डोंगरावर एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, तीच ही युक्ती. स्पीकरचा छोटासा पडदा मोकळ्या हवेत हलला, तर हवेला त्याची फारशी दखलच घ्यावी लागत नाही. ती बाजूने निसटते. त्याच पडद्यापुढे अरुंद गळ्याचं आणि हळूहळू रुंदावत जाणारं शिंग ठेवलं की गळ्यातल्या हवेला निसटायला जागा उरत नाही, आणि ढकललेलं सगळं पुढे पोचतं. आपल्या घरातल्या नेहमीच्या स्पीकरमध्ये शंभर वॉट ओतले तर त्यातला जेमतेम एखादा वॉट आवाज होऊन बाहेर पडतो, उरलेले तारेचं वेटोळं तापवण्यात जातात. चांगल्या हॉर्नमध्ये शंभरातले दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त बाहेर येतात.

सिनेमा बोलायला लागला तेव्हा हीच गोष्ट कामाला आली. १९२६ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने ५५५ नावाचा ड्रायव्हर काढला. ड्रायव्हर म्हणजे कर्ण्याच्या गळ्यामागे बसणारा, पडदा हलवणारा भाग. बेल लॅबच्या वेन्ट आणि थुरास यांचं ते काम. त्याच्यापुढे शंखासारखी गुंडाळलेली प्रचंड लाकडी शिंगं लावायची. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर जेवढी वीज खातो त्याच्या कितीतरी कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर तेव्हा हजार-पंधराशे माणसांचं थिएटर भरून टाकायचा, कारण त्याहून मोठा ॲम्प्लिफायर परवडण्याजोगा नव्हताच. पुढे हॉलिवूडच्या एमजीएम या सिनेमा कंपनीच्या साउंड खात्याने डग्लस शीररच्या नावाने ओळखला जाणारा दोन भागांचा थिएटर हॉर्न तयार केला, खर्जासाठी एक आणि वरच्या सुरांसाठी एक. मुंबईत १९३८ साली मेट्रो थिएटर उघडलं ते याच एमजीएमने. शीररच्या त्या कामात हात असलेला जेम्स लॅन्सिंग पुढे अल्टेक कंपनीत गेला, तिथून 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका १९४५ला बाहेर पडली, आणि १९४६ला अल्टेक सोडून त्याने स्वतःची कंपनी काढली. तीच जेबीएल. आज कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरही जेबीएलची डबी वाजत असते. लॅन्सिंग मात्र १९४९मध्ये गेला. आत्महत्या. वय ४७.

हा सगळा इतिहास मी रात्री जागून वाचला होता आणि भेटेल त्याला ऐकवत होतो. कान मात्र अजून तयार नव्हते.

ते तयार केले दादरच्या एका आजींनी. 'आत काही जिवंत आहे का' विचारणाऱ्या त्याच. त्यांच्या यजमानांनी परदेशातून क्लिप्शहॉर्नची जोडी आणली होती. पॉल क्लिप्श या माणसाने अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या गावात १९४६ला धंदा सुरू केला तो या स्पीकरवर, आणि तो आजही बनतो. त्यामागची कल्पना फार देखणी आहे. खर्जाच्या सुराची लांबी मोठी असते. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब. तिला बाहेर काढायचं तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर जवळजवळ तेवढाच हवा, म्हणजे नऊ फूट व्यासाचं तोंड. असला कर्णा घरात आणायचा तर घर बाहेर काढावं लागेल. क्लिप्शने पेटीच्या आत कर्ण्याला घड्या घातल्या आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवली. दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा भाग. खोली स्वतःच वाजते.

आजींनी एलपी लावली. मल्लिकार्जुन मन्सूरांची होती. मी सवयीने आवाज वाढवायला उठलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "असंच ऐकायचं. हे रात्री असंच लावायचे. मुलं आतल्या खोलीत झोपलेली असायची."

रस्त्यावरची बस जाऊ दिली आणि मग मला ऐकू आलं. तंबोरा. घरच्या स्पीकरवर आवाज कमी करत गेलं की सगळ्यात आधी तंबोरा जातो, मग डग्ग्याची घुमक जाते, आणि शेवटी नुसता गवय्याचा गळा उरतो. तोही टेलिफोनवर गात असल्यासारखा. इथे गळा कुजबुजीच्या पातळीवर होता आणि तरी तंबोऱ्याच्या चारही तारा मोजून घ्याव्यात अशा वेगळ्या. जवारीचा दोरा नेमका लागल्यावर तारेतून जी वाफेसारखी सूक्ष्म स्वरांची पट्टी उठते ती तशीच्या तशी. मन्सूर सम घेऊन क्षणभर थांबले, तेव्हा त्यांनी घेतलेला श्वास खोलीत आला. मी चहा हातात धरून बसलो होतो, त्यावर साय आली.

आता यात चमत्कार कमी आणि कान जास्त आहे, हेही मला माहीत आहे. आवाज हळू झाला की माणसाच्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलंय, आणि कुठलाही स्पीकर त्यातून सुटत नाही. पण हळू आवाजातही पडदा आळसावता कामा नये, बारीक हिसका आला की बारीक हिसक्यानेच हलला पाहिजे. तिथे कर्ण्याचा पडदा पुढे असतो. तो मुळात इतका कमी हलतो की त्याला हळू आणि मोठं यात फारसा फरकच पडत नसावा. 'नसावा' म्हणतो, कारण हे माझं ऐकीव अनुमान आहे, शास्त्र नव्हे.

ती जोडी माझ्या नशिबात नव्हती. क्लिप्शहॉर्नला दोन शाबूत कोपरे लागतात. आमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात बाल्कनीचं दार आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात देवघर. मी घरी येऊन देवघराकडे जरा जास्त वेळ बघितलं. बायको म्हणाली, "विचारसुद्धा करू नकोस."

पण त्या दिवसापासून माझी परीक्षेची रीत बदलली. पूर्वी मी 'जरा वाढवा' म्हणायचो, आता 'जरा कमी करा' म्हणायला लागलो. विकणारे बिथरायचे. स्पीकर विकायला बसलेल्या माणसाला वाटतं, खिडकीची काच हलली की सौदा झाला. आणि मी म्हणायचो, अजून कमी, अजून कमी, आता फॅन बंद करा.

दुसरी जोडी मुंबईतल्याच एका व्यापाऱ्याकडे होती, त्याचं नाव घेत नाही. पेट्या चकचकीत, नवं पॉलिश, मोठ्या कंपनीची पितळी पट्टी. माझा सेल बाहेर निघाला तेव्हा तो जरा अस्वस्थ झाला. एक कोन पुढे उडाला, दुसरा मागे. हे नेहमीच वाईट असतं असं नाही. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत लाल टर्मिनलला सेलचं धन टोक लावलं की कोन मागेच जातो, ती त्यांची जुनी पद्धत आहे. पण एकाच जोडीत एक पुढे आणि एक मागे म्हणजे एकाची दुरुस्ती कुणीतरी डोळे मिटून केली आहे. मग वरच्या ड्रायव्हरला मल्टिमीटर लावला. १६ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साधारण दहा-बारा दाखवतो, ८चा पाच-सहा. इथे एक अकरा आणि एक सहा. दोन वेगळ्या घरच्या मुली एकाच रंगाच्या साड्या नेसवून जुळ्या म्हणून दाखवत होता. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, गाना सुनो ना, मीटर क्यूं सुनते हो?" वाक्य चांगलं होतं. मी पैसे मात्र दिले नाहीत. टॅक्सीचे आठशे रुपये आणि एक रविवार गेला.

तिसरी जोडी सापडली ती पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या माझ्या मेकॅनिककाकांमुळे. बुधवार पेठेतल्या त्यांच्या सहा बाय आठच्या दुकानात रेडिओपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं येतं. त्यांच्या कानावर आलं होतं की देशावरच्या एका तालुक्याच्या गावातली टॉकीज पाडणार आहेत, मॉल होणार आहे, आणि पडद्यामागचा माल अजून तिथेच आहे. आम्ही दोघं पहाटेची एसटी धरून गेलो.

टॉकीज बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. मालकाचा मुलगा किल्ल्या घेऊन आला, आणि त्याच्यासोबत टॉकीजचे जुने ऑपरेटर. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून आम्हीही मामाच म्हणायला लागलो. आत कबुतरांचं राज्य. थर्ड क्लासच्या बाकड्यांवर पांढरे थर. पडदा मात्र उभा होता, एका बाजूने फाटलेला. जवळ गेल्यावर त्यावरची भोकं दिसली. लांबून सलग दिसणारा सिनेमाचा पडदा जवळून चाळणीसारखा असतो, बारीक बारीक हजारो भोकं. आवाज त्यातून यायचा, म्हणून तर नटाच्या ओठांतून आल्यासारखा वाटायचा.

फाटलेल्या बाजूने आम्ही मागे गेलो. टॉर्च मारला, आणि दिसली ती जोडी. माझ्या छातीपर्यंत उंच दोन काळ्या पेट्या, एकमेकींना खेटून, मधोमध लोखंडी पट्टीने जखडलेल्या. पेट्यांचं पुढचं तोंड आत वळत गेलेल्या लाकडी खोऱ्यासारखं, आणि त्या खोऱ्याच्या तळाशी पंधरा इंची वूफर. वरती ओतीव ॲल्युमिनियमचे दोन कर्णे, आडवे, आत उभ्या पट्ट्यांनी कप्पे पाडलेले. ड्रायव्हरच्या पाठीवरची धूळ पुसली. अल्टेक, ८०२. पेट्या मात्र इथल्याच कुठल्यातरी सुताराने नकाशा समोर ठेवून केलेल्या असणार. प्लायवूड जाड, सांधे पक्के, आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने मराठीत 'डावा वर' असं लिहिलेलं. पेट्यांची मापं 'व्हॉइस ऑफ द थिएटर' मालिकेतल्या मूळच्या ए-सेव्हन स्पीकरच्या पेटीशी तंतोतंत जुळणारी, ४२ बाय ३० बाय २४ इंच.

मी सेल काढला. टप्. दोन्ही कोन पुढे. मीटरवर दोन्ही ड्रायव्हरच्या आकड्यांत दोन-दशांश ओहमचाही फरक नव्हता. काकांनी वूफरच्या कोनावर दोन्ही हातांची बोटं पसरून अगदी हलकेच आत दाबलं आणि कान लावला. तारेचं वेटोळं चुंबकाला घासत असेल तर खरखर येते, ती नव्हती. कोनाच्या कडेला घडीचं कापड होतं, फोम नव्हता. जुने स्पीकर घेणाऱ्याने एवढं तरी बघावंच. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कित्येक नामांकित स्पीकरांच्या कडा फोमच्या, आणि आपल्या दमट हवेत तो फोम काही वर्षांत बिस्किटासारखा भुगा होतो. कापडी कडा माणसापेक्षा जास्त टिकते. डाव्या पेटीच्या तळाशी उंदरांनी घर केलं होतं. कशाचं, तर तिकिटांच्या अर्ध्या तुकड्यांचं. काकांनी ते काठीने ओढून काढलं आणि म्हणाले, "यांनी तरी फुकट पिक्चर बघितले नाहीत."

मला ती जोडी आवडली त्याचं खरं कारण वेगळंच होतं. जुन्या टॉकीजमधला आवाज मोनो, एकच. पेट्या दोन असल्या तरी दोघींना तोच आवाज, त्याच वायरीने, तेवढ्याच वेळा. बाराचा खेळ, तीनचा, सहाचा, नऊचा. एकीने जेवढं सोसलं तेवढंच दुसरीने. घरगुती जोडीत बहुतेकदा एक स्पीकर खिडकीजवळ उन्हात असतो आणि दुसरा कपाटामागे सावलीत, आणि वीस वर्षांनी दोघांचे गळे वेगळे झालेले असतात. या दोघी आयुष्यभर खेटून एकच वाक्य बोलत आल्या होत्या. मी त्यांना घरी नेऊन आठ फूट दूर ठेवणार आणि वेगवेगळी वाक्यं बोलायला लावणार होतो.

निघण्याआधी मामांनी आम्हाला वर केबिनमध्ये नेलं. मशीन कधीच भंगारात गेली होती, जमिनीतले बोल्ट तेवढे उरले होते. भिंतीत दोन चौकोनी झरोके, आणि त्यांच्या बाजूला खिळ्याला टांगलेला एक सहा इंची स्पीकर, फळीच्या डब्यात. "आमचा आवाज हा," मामा म्हणाले. मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. मशीनच्या खडखडाटात खालचा आवाज वर ऐकूच यायचा नाही, झरोक्याला काच असायची. साउंड चालू आहे ना, रीळ बदलताना तुटला नाही ना, एवढं कळायला हा डबा. तीस-एकतीस वर्षं रोजचे चार खेळ मामांनी ह्या डब्यावर ऐकले. "खालून पब्लिक ओरडलं की समजायचं, काहीतरी गडबड आहे. नाही ओरडलं की चांगलं चाललंय."

पैशाचं बोलणं झालं. आकडा इथे लिहीत नाही, कारण घरी वेगळा सांगितला आहे.

टेम्पोतून माल आला तेव्हा मोजपट्टीने दगा दिला नाही. आतलं दार ३० इंची, पेटीची खोली २४. आडवी करून, तिरकी करून, चार हमाल आणि त्यांच्या तोंडची काही न छापण्याजोगी विशेषणं, अशा रीतीने दोघी तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. सेक्रेटरी जिन्यात उभे राहून बघत होते. आकार बघून त्यांचा चेहरा पडला.

पुढचे दोन महिने काकांचे. ड्रायव्हर उघडला तो दिवस मला जन्मभर आठवेल. मागचं झाकण काढलं, स्क्रू सैल केले, आणि काकांनी डायफ्राम उचलून टॉवेलवर ठेवला. केवढासा तो. कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढी ॲल्युमिनियमची वाटी, इतकी पातळ की काका त्या वेळी श्वास रोखून होते. हजार माणसांच्या टॉकीजमधला प्रत्येक संवाद, प्रत्येक गाणं ह्या वाटीच्या थरथरीतून गेलेलं. तिच्याखाली फेज प्लग, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक कडी आणि त्यांच्यामध्ये केसाएवढ्या फटी. वाटीच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेला आवाज गळ्याशी एकाच वेळी पोचावा म्हणून त्या फटी. चुंबकाच्या खाचेत बारीक लोहकण आणि गंज साचला होता. काकांनी चिकटपट्टी व्हिजिटिंग कार्डावर उलटी गुंडाळली आणि खाचेतून हळूहळू फिरवली. पट्टी काळी झाली की नवी. तेरा पट्ट्या लागल्या. मी मदतीला स्क्रू ड्रायव्हर पुढे केला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. अल्निकोचं चुंबक लोखंडाला असं खेचतं की हात सुटला तर पाना थेट वाटीवर.

खर्ज वूफरला आणि वरचे सूर कर्ण्याला वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर बदलले. हा खर्च टाळू नये. खर्जाचा मारा वरच्या नाजूक ड्रायव्हरवर जाऊ नये म्हणून ते पहारेकऱ्यासारखे बसलेले असतात, आणि पहारेकरी म्हातारा होऊन झोपला की वाटी जळते. वूफरला मात्र काकांनी हात लावला नाही. कोन बदलून नवा करून देणारे पुष्कळ आहेत, पण जड कागद आणि जाड डिंक लावून ते त्याचा स्वभावच बदलतात.

आणि मग पहिल्या दिवशी घरी जोडणी केली, आणि घुंऽऽऽ. गाणं लावायच्या आधीच. माझ्या जुन्या स्पीकरची संवेदनशीलता एका वॉटला ८७ डेसिबल, यांची शंभरच्या घरात. तेरा डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत वीसपट. जो ॲम्प्लिफायर माझ्याकडे दहा वर्षं मुकाट होता त्याच्या पोटातली गुणगुण, सळसळ, शेजारच्या फ्रिजचा खटका, सगळं वीसपट होऊन बाहेर आलं. कर्ण्याला चांगलं-वाईट कळत नाही, तो सगळंच पुढे पोचवतो. आवाजाचं बटण शून्यापासून जरा हलवलं की पुरेसा आवाज, आणि तेवढ्या हलवण्यात डावा-उजवा सारखा नाही, कारण साध्या बटणाची सुरुवातीची पट्टी कधीच एकसारखी नसते. घराचं अर्थिंग दुरुस्त करून घेतलं, आठ वॉटचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प मित्राकडून आणला, त्याच्या आधी आवाज उतरवणारी रेझिस्टरची डबी बसवली. मग शांतता आली. स्पीकर घेताना ह्या शांततेचे पैसे बाजूला ठेवावेत. मी ठेवले नव्हते.

दोष आहेत, ते लपवत नाही. हार्मोनियम सुरुवातीला नाकात बोलायची, पडसं झाल्यासारखी. ओतीव धातूचा कर्णा स्वतःच जरासा वाजतो, टिचकी मारली की घंटेसारखा. गाड्यांच्या दारांना आतून लावतात ती डांबरी पट्टी बाहेरून चिकटवली, तेव्हा पडसं पुष्कळसं उतरलं. पूर्ण नाही. तारसप्तकाच्याही वरची जी बारीक चकाकी हवी ती यात नाही. जुन्या सिनेमाच्या फिल्मवरच्या आवाजपट्टीत आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसायचंच, मग कर्ण्याने तरी ते कशाला शिकावं? अगदी खालचा खर्जही नाही. मृदंगाची थाप येते, भूकंप येत नाही. आणि बारा फुटांच्या आत बसलं तर वूफर एकीकडून बोलतो आणि कर्णा दुसरीकडून. सोफा मागच्या भिंतीला टेकवला, भिंतीवर आईची गोधडी टांगली. पाहुण्यांना ती कलाकुसर वाटते.

पण रात्री साडेदहानंतर, समोरच्या बिल्डिंगचे दिवे मालवले की मी एलपी लावतो. इतकी हळू की आतल्या खोलीत बायकोचं पुस्तकाचं पान उलटलेलं ऐकू येतं. तंबोरा जागेवर असतो. सेक्रेटरी तीन महिने तक्रारीची वाट बघत होते, शेवटी जिन्यात त्यांनीच विचारलं, "बिघडले का हो तुमचे ते?"

दिवाळीनंतर मामा आले. नातीच्या ॲडमिशनसाठी पुण्यात आले होते. चपला बाहेर काढल्या, आत येऊन थेट पेट्यांपाशी गेले आणि डावीच्या पाठीवर हात फिरवला. काळा रंग तसाच ठेवलाय हे बघून बरं वाटलं म्हणाले. मी त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं, मन्सूर लावले आणि माझ्या नेहमीच्या, जपून राखलेल्या, जवळजवळ देवघरातल्या आवाजात ठेवले. मामा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. ते एकदा माझ्याकडे, एकदा पेट्यांकडे बघत होते.

"मामा, कसं वाटतंय?"

"चांगलंय की." थोडं थांबून ते पुढे सरकून बसले. "पण साहेब, एवढी वर्षं मी तो डबा ऐकला. जरा वाढवा ना."

मी उठलो आणि बटण वाढवलं.

"अजून," मामा म्हणाले.